एक महिना एकोणीस दिवस

माझ्या दादाचं लग्न झालं तेव्हा नवराबायकोच्या मिळून तीन नोकऱ्या सोडून झाल्या होत्या. दादाची एक, वहिनीच्या दोन. दादा बासरी वाजवायचा. स्टुडिओतून बोलावणं आलं की जायचा, जाहिरातीतल्या अर्ध्या मिनिटासाठी सकाळभर ताटकळायचा, आणि उरलेल्या वेळात चार-पाच जणांना शिकवायचा. वहिनी चित्रं काढायची, पण भिंतीवर टांगायची नव्हेत. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत बेडकाचं पोट, मुळाचा उभा छेद, हृदयाचे कप्पे असतात ना, ती. एक कान काढायला तिला तीन दिवस लागायचे. "माणसाला कान फुकटात मिळतो, म्हणून त्याला किंमत नाही," असं ती म्हणायची.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर घंट्यांची किणकिण आणि पंपाची फुसफुस यायची, आणि वर एका खोलीत बासरी, दुसऱ्या खोलीत खोडरबराचा चुरा. घरात हसणं भरपूर. पैशाचं मात्र कधी तुपाशी, कधी उपाशी. एकदा दादाला एका सिनेमाचं सगळं काम मिळालं. त्या आनंदात त्याने नवा माइक घेतला आणि वहिनीला खालून उजेड येणारं काचेचं टेबल घेऊन दिलं. चाळीस दिवसांनी घरमालक दारात उभा. भाड्यासाठी दादा माझ्याकडे आला, आणि ती त्या वर्षातली तिसरी वेळ होती.

मी त्याच शहरात, पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात, हिशेब खात्यात. आमच्या घरात कलेचा सगळा वाटा दादाने उचलला होता, माझ्या वाट्याला बेरीज-वजाबाकी आली. तो मला मुनीमबाई म्हणायचा.

"पैसे देते," मी म्हटलं, "पण रविवारी दोघांनी माझ्यासमोर बसायचं. वही-पेन घेऊन."

"शाळा सुटली म्हणून तर मी बासरीकडे वळलो गं!"

"मग आता भरते परत शाळा."

रविवारी मी त्यांच्याकडून गेल्या बारा महिन्यांची कमाई लिहून घेतली. एका महिन्यापुढे भोपळा होता आणि एका महिन्यापुढे माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढा आकडा. मी त्यांना समजावलं. बाराही महिन्यांची बेरीज करा, कराचे बाजूला काढा, उरलेल्याला बाराने भागा. जे येईल त्यातही थोडं कमीच धरा. तो तुमचा पगार. काम कुठूनही येवो, आलेला पैसा आधी एका खात्यात जाईल आणि तिथून दर महिन्याला तेवढाच पगार घरात येईल. घबाड मिळालं तरी तेवढाच, कोरडा महिना गेला तरी तेवढाच. मागे जी शिल्लक पडेल ती पैशांत मोजू नका, महिन्यांत मोजा. उद्यापासून एकही काम आलं नाही तर घर किती दिवस चालेल, एवढंच विचारा.

"आणि किती दिवस चाललं म्हणजे माणसाला झोप लागते?" दादाने विचारलं.

"सहा महिने. सहा महिने गाठीला पडेपर्यंत कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही."

वहिनी पेन्सिलीला टोक करत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "मूल हा मोठा निर्णय धरायचा का गं?"

"सगळ्यांत मोठा," मी म्हटलं. तोंडात बिस्किट होतं माझ्या. आम्ही तिघंही हसलो.

मला वाटलं होतं, महिनाभर करतील आणि सोडून देतील. ज्या माणसाला स्वतःचा दुसरा मोजा सापडायचा नाही तो हिशेब काय ठेवणार! पण दादाला तो नाद लागला. त्याने कपाटाच्या दाराला आतून आलेखाचा कागद चिकटवला आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिल्लक जिथवर पोचली असेल तिथवर लाल रेघ ओढायला सुरुवात केली. माझे पैसे त्याने चार हप्त्यांत फेडले आणि त्यानंतर पुन्हा कधी मागितले नाहीत. वहिनी प्रकाशकांना आगाऊ रक्कम मागायला शिकली. "आधी निम्मे, मग बेडूक," हे वाक्य तिने आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी रेघ चार महिन्यांवर गेली. वहिनी मला हळूच म्हणाली, "अजून दोन, मग तू आत्या." आणि पुढच्याच आठवड्यात दादा सायकलवरून तोंडावर आपटला. पुढचा दात तुटला, ओठ फाटला. बासरी वाजवणाऱ्याचा ओठ म्हणजे सुताराचा हात. तीन महिने एक सूर निघाला नाही, आणि दाताच्या डॉक्टरचं बिल वेगळं. रेघ खाली आली ती पार तळाला टेकली. पुन्हा चढायला सुरुवात केली, तर वहिनीची बावीस चित्रं घेऊन बसलेला प्रकाशक दुकान गुंडाळून गेला. चढायचं आणि घसरायचं. पण एक सांगते, त्या काळात त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही, घरभाडं एक दिवस चुकलं नाही. मी ऑफिसात त्यांचं उदाहरण द्यायचे.

वहिनीला तेहतिसावं लागलं होतं. एका दुपारी कारखान्याच्या फाटकावरून निरोप आला की भाऊ भेटायला आलाय. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेले. दादा भिंतीला टेकून उभा होता.

"एक महिना एकोणीस दिवस," तो म्हणाला.

"शिल्लक?"

"हं." मग जरा वेळाने, "तिला दिवस गेलेत."

मी त्याचा हात धरला.

"वहिनी काय म्हणते?"

"ती म्हणते तू ठरव. मी म्हणतो तू ठरव. दोन दिवस हेच चाललंय. तिच्या हातात सध्या एकच पुस्तक आहे, तेही पुढच्या महिन्यात संपेल. माझं तर तू बघतेसच. शेवटी ती म्हणाली, मुनीमबाईला विचारून ये." त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी तो झाडावर चढून बसला की उतरताना असाच बघायचा, खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे. "तू काय म्हणतेस?"

तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. मला आत जायचं होतं, महिनाअखेर होती, टेबलावर कागद पडले होते. ही काही सबब नव्हे, पण तसं झालं खरं. मी म्हटलं, "आकडे तर तुझ्यासमोरच आहेत, दादा."

त्याने मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाला आणि सायकल काढून गेला.

माझ्या स्वतःच्या खात्यात तेव्हा चौदा महिन्यांची शिल्लक होती. एकटं माणूस, ठरलेला पगार. त्याने मागितलं नाही. मीही म्हटलं नाही की, आकडे मरोत, मी आहे. खरं सांगायचं तर ते माझ्या मनातच आलं नाही. हिशेब त्यांचा होता, आणि मी त्यात माझा रकाना धरलाच नव्हता. ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता.

मंगळवारी आम्ही तिघं हॉस्पिटलला गेलो. वहिनीने नर्सला एकच प्रश्न विचारला, "किती आठवड्यांचं आहे?" नर्स म्हणाली, "नववा." वहिनीने "बरं," म्हटलं, जसं एखाद्या दुकानदाराने भाव सांगावा आणि आपण पुढे जावं. येताना टॅक्सीत ती मध्ये बसली होती. आमच्या दोघांचेही हात तिने मांडीवर घेतले होते आणि उलट आमचीच समजूत काढत होती. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "नीट तयारी करून. कुठे पळून जातंय?"

पुढच्या वर्षी पावणेतीन महिन्यांवर रेघ होती. त्याच्या पुढच्या वर्षी सव्वाचार. त्यांनी चहातली साखर कमी केली, सिनेमा बंद केला, सगळं केलं. वहिनी एका वेळी तीन-तीन पुस्तकं घ्यायला लागली. दादा पहाटे उठून शिकवण्या करायचा. रेघ साडेपाचला गेली तेव्हा दादा म्हणाला, "आता थांबायचं नाही. साडेपाच म्हणजे सहाच." वहिनी सदतीस वर्षांची होती.

दीड वर्ष गेलं. काही झालं नाही. मग डॉक्टर, तपासण्या, पुन्हा तपासण्या. शेवटच्या भेटीला दादा रेकॉर्डिंगला अडकला होता म्हणून वहिनीबरोबर मी गेले. डॉक्टरबाई वयस्क होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले, चष्मा काढला आणि सरळ सांगितलं की आता होणं नाही. औषधांनी शरीर शिणेल, पैसा जाईल, हाती काही लागणार नाही. मग सहज, बोलायचं म्हणून बोलावं तसं त्या म्हणाल्या, "अहो, एवढी वर्षं वाट कशाची बघत होता?"

"सहा महिन्यांची," वहिनी म्हणाली.

डॉक्टरबाईंना कळलं नाही. "सहा महिने अलीकडे-पलीकडे होऊन काही फरक पडला नसता," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या.

"नाही का?" वहिनीने विचारलं. इतक्या साध्या आवाजात विचारलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर एक माणूस गाडी पुसत होता. त्याची सगळी गाडी पुसून होईपर्यंत मी तिथेच बघत राहिले.

लोक म्हणाले दत्तक घ्या. मीही म्हटलं. वहिनी म्हणाली, "आत्ता नको. एकाच्या जागी दुसरं नेऊन ठेवायचं नाही मला. ते त्या पोरावरही अन्याय होईल." पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी वहिनीला आजवरचं सगळ्यांत मोठं काम आलं. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एक जाडजूड पुस्तक निघत होतं आणि त्यातला एक अख्खा भाग पोटातल्या गर्भाच्या वाढीवर होता. आठवड्याला एक चित्र, चौथ्यापासून चाळिसाव्यापर्यंत. पैसे भरपूर, निम्मे आगाऊ. दादा म्हणाला, नाही म्हणून सांग. मी म्हटलं, नाही म्हणून सांग. तिने ऐकलं नाही. "एवढी वर्षं अवयवच काढत आलेय ना मी. हे दुसऱ्या कुणी वेडंवाकडं काढलेलं मला चालणार नाही."

तिने ते काम ओळीने केलं. चार, पाच, सहा, सात. रोज सकाळी अंघोळ करून त्या काचेच्या टेबलाशी बसायची. एका शनिवारी मी भाजी घेऊन गेले तर दादा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता, आत ना बाहेर. टेबलावर एक चित्र वाळत होतं. बोटाच्या पेरापेक्षा लहान जीव, चित्रात तळहाताएवढा केलेला. वाकलेली मान, मिटल्या पापण्यांची नुसती खूण, हाताला नुकती फुटलेली बोटं. कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहिला होता, नऊ.

"बोटं असतात," दादा म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. "मला वाटलं होतं अजून काही नसतं."

वहिनी ब्रश धूत होती. "असतात," तिने सांगितलं. "नवव्यात येतात. मला तेव्हाही माहीत होतं."

दादा जिना उतरून खाली गेला. सायकलवाल्याच्या दुकानासमोर उलट्या डब्यावर बसला आणि भर बाजारात, ऐन अकरा वाजता, हमसाहमशी रडला. सायकलवाल्याने काही विचारलं नाही, फक्त स्वतःचं काम थांबवलं आणि त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये पाठ करून उभा राहिला. वर वहिनी कोरडी ठक्क. तिने दहाव्या आठवड्याचा कागद टेबलाला लावला.

चाळिसाव्या आठवड्याचं चित्रही पुरं झालं. उरलेले पैसे आले आणि शिल्लक सहा महिन्यांच्याही वर गेली. मला ते वहिनीकडूनच कळलं, कारण दादाने रेघ ओढणं सोडून दिलं होतं. कपाटावरचा कागद साडेपाचशीच थांबलेला होता.

मला राहवेना. एके दिवशी मी रजा टाकली, वहिनी एकटी असेल अशा वेळी गेले आणि बोलून टाकलं. बिस्किट खाता खाता मी काय म्हटलं होतं ते, फाटकापाशी काय म्हटलं ते, आणि माझ्या चौदा महिन्यांचंही. म्हटलं, "मला बोल. काहीही बोल. पण बोल."

वहिनीने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू सांगितलंस त्यात चूक काय होतं? तसं वागलो म्हणून तर उभे राहिलो. ओठ फुटला तेव्हा उपाशी मेलो नाही, तो प्रकाशक बुडवून गेला तेव्हा सामान रस्त्यावर आलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं गं. मी तुझ्याशी कडाकडा भांडले असते. सगळं बरोबरच होतं. आता राग काढू कुणावर?"

"आणि चौदा महिने?"

"ते तू मला सांगायला नको होतंस," ती म्हणाली.

मी पायात चपला सरकवल्या तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. आमच्यात भांडण झालं नाही, बोलणं कधी तुटलं नाही, पण पूर्वी ती मला चिडवायची, माझ्या वेणीला मागून झटका द्यायची, ते त्या दिवसापासून संपलं.

खरी ठिणगी पडली ती वेगळ्याच गोष्टीवरून. दादाने आम्हाला कुणाला न विचारता नोकरी धरली. बाजारातल्या वाद्यांच्या मोठ्या दुकानात, सकाळी दहा ते सायंकाळी सात, ठरलेला पगार. पहिला पगार झाला त्या दिवशी त्याने मला जेवायला बोलावलं होतं. त्याने पाकीट वहिनीसमोर ठेवलं. त्याला वाटलं असावं, बिचारीला आता तरी जरा निवांतपण.

वहिनीने पाकीट उघडलंही नाही. "किती दिवसांत मिळाली नोकरी?"

"दोन दिवसांत. मालक ओळखीचेच आहेत. केव्हापासून मागे लागले होते."

"केव्हापासून?"

दादाच्या लक्षात आलं. त्याने ताट जवळ ओढलं.

"केव्हापासून, मी विचारते!"

"सात-आठ वर्षं झाली असतील."

"मग हे तेव्हा का नाही केलंस?" वहिनी उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "एक महिना एकोणीस दिवस, एक महिना एकोणीस दिवस, म्हणून घोकत होतास! दोन दिवसांचं काम होतं हे! दोन दिवसांचं!"

"तूच म्हणाली होतीस, वाजवणं सोडलंस तर बोलणार नाही तुझ्याशी. मी विचारलं होतं तुला. त्या सोमवारी, हॉस्पिटलच्या आदल्या दिवशी, विचारलं होतं."

वहिनी थिजली. तिला आठवलं असावं. ती खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "हो. म्हणाले होते मी. मला तू वाजवताना आवडायचास रे." आणि मग ती रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती, डॉक्टरबाईंसमोर रडली नव्हती, नवव्या चित्रापाशी रडली नव्हती, ती आता रडली. दादा तिच्याजवळ गेला नाही. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून राहिले. ताटातलं अन्न तसंच गार झालं आणि मी ते झाकून ठेवलं, कारण त्या घरात त्या वेळी मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

ती तिच्या मावशीकडे गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली आणि पाच महिने राहिली. दादा तेव्हा माझ्याकडे जेवायला यायचा. काय वाढलंय ते न बघता जेवायचा, ताट विसळून ठेवायचा आणि निघायचा. वहिनीचा विषय आम्ही काढायचो नाही. पाच महिन्यांनी ती परत आली. का आली ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दादाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, असंही वाटत नाही.

परवा मला कारखान्यातल्या एकीच्या मुलीसाठी बासरी घ्यायची होती, म्हणून मी संध्याकाळी, बंद व्हायच्या वेळी, दादाच्या दुकानात गेले. दुकान मोठं आहे, काचेच्या कपाटांतून सगळं टांगलेलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ आधीच उभे होते. त्यांनी एक बासरी निवडली आणि दादाला म्हणाले, "जरा वाजवून दाखवा की, सूर नीट लागतो का बघू."

दादाने बासरी ओठाला लावली. तीन सूर काढले, चौथा अर्ध्यात राहिला. त्याने ती फडक्याने पुसली आणि परत दिली. "चांगली आहे," म्हणाला. "बिनधास्त घेऊन जा."

मी मागे वळले तर दारात वहिनी उभी होती. बाजाराची पिशवी खांद्याला. तिने ऐकलं होतं. गृहस्थ पैसे देऊन निघाले, दादाने माझी बासरीही बांधून दिली आणि शटर ओढायला घेतलं. एका बाजूने वहिनीने हात लावला. आम्ही तिघं चालत निघालो, ते दोघं पुढे, मी दोन पावलं मागे.

"भाजीला काय घ्यायचं?" वहिनीने विचारलं.

"बटाटे आहेत ना घरी?"

"दोनच उरलेत."

"पुरतील की," दादा म्हणाला. "आपण दोघंच तर आहोत."

वहिनीची पावलं एक क्षणभर अडखळली. मग ती पुन्हा त्याच्या बरोबरीने चालायला लागली, आणि भाजीवालीच्या गाड्याशी न थांबता दोघं पुढे गेले.